प्रमाणशीर प्रतिनिधित्व : शेवटची जागा कोणाची ?

भास्कराचार्यांच्या लीलावतींत मिश्रव्यवहाराच्या प्रकरणांत तीन व्यापाऱ्यांचें एक उदाहरण आहे. एकाचें भांडवल ५१, दुसऱ्याचें ६८ व तिसऱ्याचें ८५. तिघांनीं मिळून व्यापार केला आणि अखेरीस एकंदर धन ३०० झालें. तर प्रत्येकाच्या वांट्यास किती यावें? त्रैराशिक जाणणारा कोणताही विद्यार्थी उत्तर देईल, कीं पहिल्यास ७५, दुसऱ्यास १०० व तिसऱ्यास १२५. कोणाचें नाणें बुडत नाहीं, कोणास अधिक जात नाहीं, आणि तंट्यास कारण उरत नाहीं.

आतां हेंच उदाहरण किंचित्‌ बदलून पाहावें. तीनशें नाण्यांच्या ठिकाणीं दहा हत्ती आहेत अशी कल्पना करावी. भांडवलाचें प्रमाण तेंच ठेविलें, तर पहिल्याच्या वांट्यास अडीच, दुसऱ्याच्या तीन पूर्णांक एक तृतीयांश व तिसऱ्याच्या चार पूर्णांक एक षष्ठांश हत्ती येतात. हत्ती बारा असते तर तीन, चार व पांच अशी वांटणी सुखानें झाली असती. परंतु ते दहा आहेत, आणि हत्ती कापून देतां येत नाहीं. दोन, तीन व चार मिळून नऊ हत्ती निर्विवादपणें देऊन टाकले, कीं दहावा दाराशीं उभा राहतो. तो कोणाचा, हें त्रैराशिक सांगत नाहीं. त्यासाठीं निराळा नियम ठरवावा लागतो, आणि नियम ठरवितांना प्रत्येक व्यापाऱ्याची नजर हत्तीवर असते.

निवडणुकींत ज्या पक्षास ज्या प्रमाणांत मतें मिळालीं, त्या प्रमाणांत त्यास प्रतिनिधी मिळावे, या तत्त्वास प्रमाणशीर प्रतिनिधित्व म्हणतात. हें तत्त्व इतकें सरळ आहे कीं, त्याविषयीं वाद तो काय होणार, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु प्रतिनिधी हा हत्तीप्रमाणेंच अविभाज्य असल्यामुळें प्रत्येक अशा निवडणुकींत तो दहावा हत्ती उभा राहतोच, आणि कित्येकदां त्याच्याच पाठीवर बसून राज्य एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे जातें. म्हणून 'प्रमाणशीर' एवढा शब्द ऐकून संतुष्ट न होतां, उरलेल्या बाकीची वाट कशी लावतात हें सुशिक्षित कुटुंबांतील स्त्रीपुरुषांनीं समजून घेणें अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें. त्यासाठीं साध्या भागाकारापलीकडे गणित लागत नाहीं.

आपल्याकडे लोकसभेच्या निवडणुकींत एका मतदारसंघांतून एकच उमेदवार निवडून येतो. ज्यास इतर प्रत्येकापेक्षां अधिक मतें पडलीं तो विजयी. बाकीच्यांस पडलेलीं मतें, तीं सर्व मिळून निम्म्याहून अधिक असलीं तरी, त्या जागेपुरतीं शून्यवत्‌ होतात. प्रमाणशीर पद्धतींत मतदारसंघ मोठा असतो, त्यांतून अनेक प्रतिनिधी निवडावयाचे असतात, प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांची यादी पुढें ठेवतो, आणि यादीला पडलेल्या मतांच्या मानानें त्या यादींतील माणसें निवडून येतात. सबंध देशाच्या प्रतिनिधिगृहासाठीं अशी यादीपद्धति प्रथम बेल्जमनें पत्करली. ती कशी पत्करली, ही हकीकत मोठी बोधप्रद आहे.

बेल्जममध्यें १८९३ सालीं पंचवीस वर्षांवरील सर्व पुरुषांस मताधिकार मिळाला. परंतु तो सर्वांस सारखा नव्हता. कुटुंब सांभाळून कर भरणाऱ्या प्रौढ गृहस्थास एक जादा मत, मालमत्ता बाळगणाऱ्यास एक जादा मत, उच्च शिक्षणाचें प्रमाणपत्र असणाऱ्यास दोन जादा मतें. मात्र एकूण तिहींपेक्षां अधिक मतें कोणासही नाहींत, आणि स्त्रियांस तर एकही नाहीं. विद्वत्तेबद्दल आपणांसही तीन मतें असावीं असें ज्या वाचकांच्या मनांत येईल, त्यांनीं आपल्याच घरांतील शून्यांचीही मोजणी करावी. निवडणूक बहुमताची होती. एकेका संघांतून अनेक प्रतिनिधी निवडले जात खरे, परंतु ज्या पक्षास बहुमत त्याच्याच पदरांत बहुधा त्या संघांतील सगळ्या जागा पडत. त्यामुळें १८९४ च्या निवडणुकींत एकीकडे कॅथॉलिक व दुसरीकडे नवे समाजवादी, या जात्याच्या दोन तळ्यांमध्यें सांपडून जुना उदारमतवादी पक्ष भरडून निघाला. त्याचीं मतें पुष्कळ होतीं, जागा मात्र मूठभर राहिल्या.

१८९९ सालीं व्हांडेनपीरेबूम यांच्या कॅथॉलिक सरकारनें एक विधेयक आणलें. प्रमाणशीर पद्धति लागू करावयाची, पण ती केवळ मोठ्या मतदारसंघांत. लहान संघांत जुनी बहुमताची पद्धत तशीच ठेवावयाची, असा त्याचा मतलब होता. मोठ्या शहरांत सरकारपक्ष दुबळा आणि लहान संघांत प्रबळ. म्हणजे जेथें आपण हरतों तेथें प्रमाणानें वांटा घ्यावयाचा, आणि जेथें जिंकतों तेथें सगळेंच घ्यावयाचें ! हा डाव ओळखण्यास लोकांस वेळ लागला नाहीं. ब्रसेल्सच्या रस्त्यांवर दंगे उसळले, सरकारास पायउतार व्हावें लागलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सर्व मतदारसंघांस सारखीच लागू होणारी प्रमाणशीर पद्धति कायद्यानें मंजूर झाली. १९०० सालीं तीप्रमाणें पहिली निवडणूक झाली. प्रमाण हें तत्त्व चांगलें असलें तरी तें कोठें लावावयाचें व कोठें नाहीं, हें ठरविणारा आपल्या सोयीनें ठरवूं शकतो, हा पहिला धडा बेल्जमच्या जनतेनें पैसे मोजून घेतला.

या कायद्यानें जो नियम स्वीकारला, तो गेंट येथील विधिशास्त्राचे अध्यापक व्हिक्टर डोंट यांनीं १८७८ सालीं मांडला होता. आज पुष्कळ देशांत तोच चालतो. तो समजण्याकरितां आपण एक काल्पनिक मतदारसंघ घेऊं. जागा दहा, आणि मतें एकूण एक लाख. अ पक्षास ५२,८००, ब पक्षास २४,२००, क पक्षास १४,५०० व ड पक्षास ८,५०० मतें पडलीं.

डोंट यांचा नियम असा कीं, प्रत्येक पक्षाच्या मतांस १, २, ३, ४ अशा अनुक्रमानें भागत जावें, आणि येणाऱ्या सर्व भागाकारांतून सर्वांत मोठे दहा निवडावे. ज्या पक्षाचे त्यांत जितके भागाकार, तितक्या त्याच्या जागा. अपूर्णांक सोडून दिले असतां अ पक्षाचे भागाकार ५२,८००, २६,४००, १७,६००, १३,२००, १०,५६०, ८,८०० व ७,५४२ असे येतात. ब पक्षाचे २४,२००, १२,१०० व ८,०६६. क पक्षाचे १४,५०० व ७,२५०. ड पक्षाचे ८,५०० व ४,२५०. यांतील मोठे दहा वेंचले तर अ पक्षास सहा, ब पक्षास दोन, आणि क व ड यांस एकेक जागा मिळते. दहावा भागाकार ड पक्षाचा ८,५०० हा आहे. म्हणजे येथें एका जागेचें माप ८,५०० मतांचें ठरलें. ज्याचीं जितकीं पुरीं मापें भरलीं, तितक्या त्याच्या जागा. अपुऱ्या मापास कांहीं नाहीं.

या नियमांत मोठ्या पक्षाकडे थोडा कल आहे. शेंकडा ५२·८ मतांच्या अ पक्षास शेंकडा साठ जागा मिळाल्या, हें वाचकांनीं पाहिलेंच. शिवाय ब व क यांनीं निवडणुकीपूर्वीं एकी केली असती तर काय झालें असतें ? दोघांचीं मिळून मतें ३८,७००. त्यांचा चौथा भागाकार ९,६७५ येतो, आणि तो ड पक्षाच्या ८,५०० हून मोठा आहे. म्हणजे निरनिराळे राहून ज्यांस तीन जागा मिळत होत्या, त्यांस एकत्र येतांच चार मिळतात, व ड पक्षाची एकुलती एक जागा जाते. एकत्र राहणाऱ्याचें बळ वाढावें व विभक्त होणाऱ्याचें घटावें, असा या नियमाचा स्वभाव आहे. एकत्र कुटुंबाचे अभिमानी यावर संतोष मानतील. पण ड पक्षाच्या साडेआठ हजार मतदारांस तो संतोष वाटणार नाहीं. देशांत फार फांटे फुटूं नयेत असें ज्यांस वाटतें ते हा नियम पसंत करतात; लहान पक्षाचाही आवाज सभागृहांत उमटावा असें ज्यांस वाटतें ते त्यास दोष देतात. दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे.

दुसरा नियम बाकीचा. एक लाख मतें व दहा जागा, तेव्हां दर जागेस दहा हजार मतें. अ पक्षास या हिशेबानें पांच जागा मिळून २,८०० मतें बाकी राहतात. ब पक्षास दोन जागा व बाकी ४,२००. क पक्षास एक जागा व बाकी ४,५००. ड पक्षास जागा नाहीं, बाकी ८,५००. आठ जागा वांटल्या गेल्या, दोन उरल्या. ज्यांची बाकी सर्वांत मोठी त्यांस त्या द्याव्या. एक ड पक्षास जाते आणि दुसरी क पक्षास. येणेंप्रमाणें अ पक्षास पांच, ब पक्षास दोन, क पक्षास दोन व ड पक्षास एक. मतें तींच, जागाही तितक्याच. पण डोंट यांनीं अ पक्षास दिलेली एक जागा येथें क पक्षाच्या पदरांत पडली.

हा बाकीचा नियम दिसावयास इतका न्याय्य आहे कीं, याहून दुसरें कांहीं पाहावेंच कशाला असें वाटतें. परंतु त्याच्या पोटांत एक विचित्र दोष दडलेला आहे, आणि तो अमेरिकेंत उघडकीस आला. तेथें प्रतिनिधिगृहाच्या जागा संस्थानांस लोकसंख्येच्या प्रमाणांत वांटतात. पक्षांच्या मतांऐवजीं संस्थानांचीं माणसें मोजावयाचीं, एवढाच फरक, गणित तेंच. १८८० च्या खानेसुमारीनंतर सीटन नांवाचे खानेसुमारी कचेरींतील प्रमुख कारकून सभागृहाच्या निरनिराळ्या आकारांचीं कोष्टकें करीत होते. एकूण जागा २९९ धरल्या तेव्हां अलाबामा संस्थानास ८ येत होत्या. एक जागा वाढवून ३०० केल्या, तेव्हां अलाबामास ७ आल्या ! वांटावयाचा जिन्नस वाढला असतां एखाद्याचा वांटा कमी व्हावा, हें कोणत्याही गृहिणीस पटणार नाहीं. घरांत पांच लाडू असतां धाकट्यास एक मिळत होता, सहावा लाडू केल्यावर त्याचा तोही गेला, असें सांगितलें तर धाकटा रडेलच. आणि त्याचें रडणें योग्यच होईल. पुढें अमेरिकेंत ही पद्धत सोडून देण्यांत आली.

तिसरा नियम फ्रेंच गणिती आंद्रे सँत-लाग्यू यांनीं १९१० सालीं मांडला. यांत भाजक १, २, ३ असे न घेतां १, ३, ५, ७ असे विषम घेतात. त्याचा अर्थ इतकाच कीं, अर्ध्याहून अधिक भरलेलें माप पुरें धरावें व अर्ध्याहून कमी असेल तें सोडून द्यावें. आपल्या उदाहरणांत या नियमानें पहिल्या नऊ जागांपैकीं अ पक्षास पांच, ब पक्षास दोन, क व ड यांस एकेक अशी वांटणी होते, आणि दहाव्या जागेसाठीं तीन भागाकार समोरासमोर येतात : ब पक्षाचा ४,८४०, क पक्षाचा ४,८३३ आणि अ पक्षाचा ४,८००. ब पक्ष थोडक्यांत पुढें आहे, म्हणून दहावी जागा त्याची. निकाल पांच, तीन, एक, एक.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. मतपेटींतील एकही कागद बदललेला नाहीं. तिन्ही नियम स्वतःस प्रमाणशीर म्हणवितात, व तिन्हींच्या बाजूनें विद्वानांनीं पुस्तकें लिहिलीं आहेत. तरी शेवटची जागा पहिल्या नियमानें अ पक्षाची, दुसऱ्यानें क पक्षाची आणि तिसऱ्यानें ब पक्षाची झाली. अ पक्षास सहा जागा म्हणजे भक्कम बहुमत; पांच म्हणजे बरोबर निम्मे, आणि राज्य चालविण्यास दुसऱ्याचा हात धरणें भाग.

मग यांतला खरा नियम कोणता ? हा प्रश्न दोनशें वर्षांहून जुना आहे. १७९२ सालीं अमेरिकेंत पहिलीच वांटणी करावयाची होती. हॅमिल्टन बाकीच्या नियमाच्या बाजूचे, तर जेफर्सन पुऱ्या मापाच्या नियमाच्या, म्हणजे पुढें डोंट यांनीं स्वतंत्रपणें मांडलेल्या नियमाच्या बाजूचे. काँग्रेसनें हॅमिल्टन यांच्या बाजूचें विधेयक मंजूर केलें. अध्यक्ष वॉशिंग्टन यांनीं तें नाकारलें, आणि अमेरिकेच्या अध्यक्षानें नकाराधिकार वापरल्याचा हा पहिलाच प्रसंग होय. शेवटीं १०५ जागा जेफर्सन यांच्या नियमानें वांटल्या गेल्या. त्यांत व्हर्जिनियाचा काटेकोर वांटा १८·३१ असतां तिला १९ जागा मिळाल्या, आणि चिमुकल्या डेलावेअरचा वांटा १·६१ असतां त्यास एकच मिळाली. जेफर्सन व वॉशिंग्टन हे दोघेही व्हर्जिनियाचे होते. त्यांनीं मुद्दाम पक्षपात केला असें आमचें म्हणणें नाहीं. नाकारलेल्या विधेयकांतही घटनेच्या दृष्टीनें दोष होतेच. परंतु थोर पुरुषांसही आपल्या घराच्या अंगणांतून पाहिलेला न्याय अधिक स्वच्छ दिसतो, एवढें मात्र खरें.

१९८२ सालीं बालिन्स्की व यंग या दोन गणितज्ञांनीं या विषयावरील आपल्या ग्रंथांत वादाचा एक प्रकारें शेवट केला. प्रत्येकाचा वांटा त्याच्या काटेकोर हिश्शाच्या लगतच्या दोन पूर्णांकांतच ठेवावयाचा, आणि शिवाय वाढलेल्याची जागा काढून घटलेल्यास देण्यासारखा विपरीत प्रकारही कधींच घडूं द्यावयाचा नाहीं, हीं दोन्हीं व्रतें एकाच वेळीं पाळणारा नियम असूं शकत नाहीं, असें त्यांनीं सिद्ध केलें. तात्पर्य, निर्दोष नियम शोधीत बसण्यांत अर्थ नाहीं. कोणता दोष पत्करावयाचा हें राष्ट्रानें ठरवावयाचें असतें, आणि राष्ट्रें तें वेळोवेळीं बदलतातही. जर्मनीच्या लोकसभेसाठीं १९८३ पर्यंत डोंट यांचा नियम होता, १९८७ पासून २००५ पर्यंत बाकीचा नियम आला, आणि २००९ पासून सँत-लाग्यू यांचा आला. स्वीडन व नॉर्वे यांनीं १९५२–५३ च्या सुमारास सँत-लाग्यू यांचा नियम घेतांना पहिला भाजक १ च्या ऐवजीं १·४ केला. हेतु हा कीं, नवख्या पक्षास पहिली जागा जरा महाग पडावी.

तथापि भाजकांपेक्षांही अधिक प्रभावी अशा दोन गोष्टी आहेत, ज्यांचा गवगवा होत नाहीं. पहिली मतदारसंघाच्या आकाराची. नेदरलंडमध्यें १५० जागांसाठीं सगळ्या देशाचीं मतें एकत्र धरून वांटणी होते, त्यामुळें शेंकडा पाऊण मत मिळविणाऱ्या पक्षासही जागा मिळूं शकते. स्पेनमध्यें ३५० जागा ५२ मतदारसंघांत विभागलेल्या आहेत, व सोरियासारख्या लहान प्रांतास दोनच जागा आहेत. दोन जागांच्या संघांत शेंकडा वीस मतें मिळवूनही तिसरा पक्ष रिकाम्या हातीं परत जातो. दोन्ही देशांत नियम डोंट यांचाच आहे. पण एका ठिकाणीं भांडें मोठें आणि दुसऱ्या ठिकाणीं लहान.

दुसरी गोष्ट किमान मतांच्या अटीची. अमुक टक्के मतें मिळाल्याशिवाय पक्षास वांटणींत घ्यावयाचेंच नाहीं, असा कायदा पुष्कळ देशांत आहे. सभागृहाचे अनेक तुकडे होऊन सरकारें टिकेनाशीं होऊं नयेत, हा त्याचा हेतु. जर्मनीनें पांच टक्क्यांची अट ठेविली ती पहिल्या महायुद्धानंतरच्या प्रजासत्ताकाचे हाल पाहून; आणि तो अनुभव हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. परंतु अट कडक झाली म्हणजे काय होतें, हें तुर्कस्थाननें २००२ सालीं दाखविलें. तेथें अट दहा टक्क्यांची होती. पुष्कळ पक्ष तिच्याखालीं राहिले, आणि शेंकडा सुमारें पंचेचाळीस मतदारांचीं मतें वांटणींतून बाहेर पडलीं. ज्या पक्षास शेंकडा ३४ मतें होतीं त्यास ५५० पैकीं ३६३ जागा मिळाल्या. नांव प्रमाणशीर आणि फळ असें ! २०२२ सालीं ती अट सात टक्क्यांवर आणली गेली.

थोड्या अटीनेंही मोठी उलथापालथ होते. इस्रायलमध्यें १२० जागा असून अट ३·२५ टक्क्यांची आहे. २०२२ च्या नोव्हेंबरांत मेरेट्झ या पक्षास ३·१६ टक्के मतें पडलीं व बलाद या पक्षास तीन टक्क्यांच्या किंचित्‌ खालीं. दोघांचीं मिळून पावणेतीन लाखांहून अधिक मतें जागांच्या हिशेबांत धरलींच गेलीं नाहींत, आणि विरुद्ध बाजूच्या आघाडीस ६४ जागा मिळून तिचें राज्य आलें. जर्मनींत २०२५ च्या फेब्रुवारींत वागेनक्नेख्त यांच्या नव्या पक्षास ४·९८ टक्के मतें मिळालीं. सबंध देशांत दहा हजारांहूनही कमी मतांनीं त्याची सभागृहाची वाट अडली. अशा मतदाराची स्थिति, उंबरठ्यापर्यंत येऊनही पंगतींत पान न मिळालेल्या पाहुण्यासारखी होते.

हें सगळें परदेशांचें झालें. आपला यांत काय संबंध, असें कोणी म्हणेल. परंतु प्रमाणशीर प्रतिनिधित्व आपल्या घटनेंतही आहे. राष्ट्रपति व राज्यसभेचे सदस्य यांची निवडणूक एकल संक्रमणीय मताच्या पद्धतीनें, म्हणजे प्रमाणशीर तत्त्वानेंच होते. हींत पक्षाची यादी नसते. मतदार उमेदवारांपुढें १, २, ३ असे पसंतीचे आंकडे लिहितो, आणि एकाच्या कामीं न आलेलें मत पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातें. १९४६ सालीं प्रांतिक विधिमंडळांनीं घटनासमितीचे सदस्य निवडले तेही याच पद्धतीनें. मुंबई प्रांताच्या विधिमंडळांत ज्यांच्या पक्षास बळ नव्हतें ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्रथम घटनासमितींत गेले ते बंगालच्या विधिमंडळांतून. थोड्या मतांसही एखादी जागा मिळूं शकते, असा या पद्धतीचा गुण नसता तर तो मार्ग त्यांस इतका सुलभ झाला नसता.

तिचें गणित महाराष्ट्रानें १० जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकींत डोळ्यांनीं पाहिलें. जागा सहा, उमेदवार सात, वैध मतें २८४. नियमाप्रमाणें प्रत्येक मताचें मूल्य १०० धरावयाचें, म्हणजे एकूण २८,४०० झालें. त्यास जागांहून एकानें अधिक म्हणजे सातांनीं भागून, अपूर्णांक टाकून, एक मिळवावयाचा. कोटा आला ४,०५८. सातांनीं कां भागावें ? कारण ४,०५८ ची सात मापें २८,४०६ होतात. तितकें मूल्यच नसल्यामुळें सातवा उमेदवार कोटा गांठूं शकत नाहीं, आणि सहा मात्र गांठूं शकतात.

पहिल्या पसंतीचीं मतें पियूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, संजय पवार ३३ व धनंजय महाडिक २७ अशीं पडलीं. पहिले पांच कोट्यावर गेले. सहाव्या जागेसाठीं पवार ३३ वर आणि महाडिक २७ वर, म्हणजे सहा मतांनीं मागें. आणि निवडून मात्र महाडिक आले. सामान्य वाचकास हें अघटित वाटतें. पण हिशेब सरळ आहे. गोयल व बोंडे यांचें मूल्य प्रत्येकीं ४,८००, कोटा वजा जातां शिल्लक प्रत्येकीं ७४२, दोघांची मिळून १,४८४. महाडिकांच्या २,७०० ला कोटा गांठण्यास १,३५८ च हवे होते. उलट पवारांच्या बाजूच्या तिघांची शिल्लक ३४२, २४२ व ४२, मिळून ६२६. ती सगळीच्या सगळी त्यांस लाभली असती तरी ३,३०० चे ३,९२६ च झाले असते. ज्या पक्षानें आपल्या दोन उमेदवारांस भरपूर मतें देऊन शिल्लक तिसऱ्यासाठीं राखली, त्यानें नियम नीट वाचला होता. २००३ च्या दुरुस्तीनंतर या निवडणुकींत आमदारास आपलें मत पक्षाच्या प्रतिनिधीस दाखवावें लागत असल्यामुळें असा हिशेब आधीं मांडणेंही शक्य होतें.

लोकसभेसाठींही प्रमाणशीर पद्धत असावी, अशी सूचना घटनासमितींत आली होती. ४ जानेवारी १९४९ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं तिला उत्तर देतांना दोन आक्षेप मांडले : एक, या पद्धतीस लोक मोठ्या प्रमाणावर साक्षर असावे लागतात, आणि दुसरा, तिनें विधिमंडळाचे बारीक तुकडे होऊन सरकारास स्थैर्य राहत नाहीं. पहिल्या आक्षेपाचें बळ त्या काळीं फार होतें, आज तें पुष्कळ ओसरलें आहे. दुसरा आक्षेप मात्र अजून तोलून पाहण्यासारखा आहे. १९९९ सालीं विधि आयोगानें आपल्या १७० व्या अहवालांत लोकसभेच्या जागा वाढवून त्या वाढीव जागा यादीपद्धतीनें भराव्या, असें सुचविलें. तें अमलांत आलें नाहीं. तो विषय पुन्हा निघेल तेव्हां बाजूनें अथवा विरुद्ध घोषणा होतील, आणि 'प्रमाण' हा शब्द पुष्कळदां कानांवर येईल.

अशा वेळीं आमच्या वाचकांनीं विचारावयाचे प्रश्न चार आहेत. एका मतदारसंघांत जागा किती ? किमान मतांची अट कोणती ? उरलेल्या बाकीचा नियम कोणता ? आणि हे तिन्ही कोणी व केव्हां ठरविले ? आमच्या मतें चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. वडिलार्जित विहीर चार भावांत तोडून देतां येत नाहीं, म्हणून पाण्याची पाळी लावतात. ती पाळी पावसाळ्यांतच लावून घेतली तर उन्हाळा भांडणाशिवाय जातो. विहीर आटूं लागल्यावर लावूं म्हटलें तर कोर्टाची पायरी चढावी लागते. नियम तिहींतला कोणताही असो, तो निवडणुकीपूर्वीं ठरलेला असावा, सर्वत्र सारखा असावा, आणि सामान्य मतदारास कागदावर पडताळून पाहतां यावा. बेल्जमचे लोक रस्त्यावर आले ते भागाकार चुकला म्हणून नव्हे, तर भागाकार कोठें करावयाचा हें वांटेकऱ्यांपैकींच एकानें आपल्या सोयीनें ठरविलें म्हणून. शेवटची जागा कोणास मिळाली यापेक्षां, ती कोणत्या नियमानें द्यावयाची हें मतमोजणीपूर्वीं सर्वांस ठाऊक होतें कीं नाहीं, यावरच त्या निवडणुकीच्या न्यायाची परीक्षा करावी, असें आमचें मत आहे.